दोन्ही दिशांना पास झालेला कोपऱ्यातला कॉलम एकत्र तपासल्यावर नापास का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापूरमध्ये खाली पार्किंग आणि वर तीन मजले अशी इमारत आहे. कोपऱ्यातला कॉलम ३०० × ४५० मिमी, काँक्रीट एम २५ (ताकद २५ न्यूटन प्रति चौरस मिमी), सळई एफई ५०० (ताकद ५०० न्यूटन प्रति चौरस मिमी). २० मिमीच्या ८ सळया आहेत, प्रत्येक बाजूला कोपऱ्यांसकट तीन. फॅक्टर्ड भार, म्हणजे सुरक्षिततेच्या गुणकाने वाढवलेला भार, ७०० किलोन्यूटन. ४५० च्या दिशेने वाकवणारा मोमेंट (वाकवण्याचा जोर) १४० किलोन्यूटन-मीटर, ३०० च्या दिशेने वाकवणारा ६०. दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासल्या तर कॉलम आरामात पास होतो, पण सॉफ्टवेअर त्याला लाल दाखवतं. फिटरचं म्हणणं, लांब बाजूंना एकेक सळई वाढवा, काम होईल. हे बरोबर आहे का, की सॉफ्टवेअरच जास्त घाबरतंय?

सॉफ्टवेअर बरोबर सांगतंय. आणि फिटरने सुचवलेल्या सळयांनी काम होत नाही. का, ते आकड्यांनीच दाखवतो.

आधी कॉलममध्ये आत काय घडतं ते डोळ्यांसमोर आणा. एकाच दिशेने वाकताना न्यूट्रल ॲक्सिस, म्हणजे दाब आणि ताण यांच्यामधला अक्ष, कॉलमच्या बाजूला समांतर असतो. एका बाजूचा पूर्ण पट्टा दाबात, समोरच्या बाजूच्या सळया ताणात. दोन्ही दिशांनी एकदम वाकताना हा अक्ष तिरका होतो. दाबातला भाग पट्टा न राहता त्रिकोण किंवा समलंब चौकोन होतो आणि एका कोपऱ्यात गोळा होतो. त्या कोपऱ्यातलं काँक्रीट सगळ्यात आधी चिरडतं आणि त्याच्या तिरक्या समोरची सळई सगळ्यात जास्त ताणली जाते. तुम्ही दोन दिशा वेगळ्या तपासता तेव्हा तेच कोपऱ्यातलं काँक्रीट आणि तीच कोपऱ्यातली सळई दोन्ही हिशेबांत पूर्ण धरता. म्हणजे एकच क्षमता दोनदा खर्ची पडते.

आता तुमचा कॉलम. ४० मिमी कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर), ८ मिमीची रिंग आणि सळईची अर्धी जाडी मिळून सळईचा मध्य कडेपासून ५८ मिमीवर येतो. ७०० किलोन्यूटन भार असताना या कॉलमची क्षमता मी चार्टवरून न वाचता प्रत्येक सळईतली स्ट्रेन (लांबीतला सापेक्ष बदल) काढून मोजली. ४५० च्या दिशेने ती साधारण २०४ किलोन्यूटन-मीटर येते आणि ३०० च्या दिशेने ११७. म्हणजे तुमचा मोमेंट एका दिशेला क्षमतेच्या ६९ टक्के आणि दुसऱ्या दिशेला ५१ टक्के आहे. सुटे आकडे बघून कोणालाही निश्चिंत वाटेल.

आयएस ४५६ : २००० या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाच्या कलम ३९.६ मध्ये या दोन गुणोत्तरांना एका घातांकावर चढवून त्यांची बेरीज १ च्या आत ठेवायला सांगितलं आहे. हा विचार बोरिस ब्रेस्लर यांनी १९६० साली मांडलेल्या पद्धतीतून आला. घातांक किती घ्यायचा, हे कॉलमवरचा भार त्याच्या शुद्ध दाबाच्या क्षमतेच्या किती पट आहे यावर ठरतं. ही क्षमता म्हणजे काँक्रीटच्या क्षेत्रफळाला ०.४५ गुणिले काँक्रीटची ताकद, अधिक सळईच्या क्षेत्रफळाला ०.७५ गुणिले सळईची ताकद. तुमच्या कॉलमला ती २४३३ किलोन्यूटन येते. ७०० भागिले २४३३ म्हणजे ०.२९. हे गुणोत्तर ०.२ किंवा त्याखाली असेल तर घातांक १, ०.८ किंवा त्यावर असेल तर २, आणि मध्ये सरळ रेषेत. तुमच्यासाठी तो १.१५ च्या जवळ येतो.

०.६९ चा १.१५ वा घात साधारण ०.६५. ०.५१ चा ०.४६. बेरीज १.११. कॉलम ११ टक्क्यांनी नापास.

घातांक १ असेल तर दोन्ही गुणोत्तरांची सरळ बेरीज होते, म्हणजे ६० आणि ५० टक्के वापरलेला कॉलमही बाद. घातांक २ असेल तर परवानगीची सीमा बाहेर फुगते आणि ७० + ७० टक्के एकत्र चालून जातात. आपल्याकडच्या तीन-चार मजली इमारतींत कोपऱ्यातल्या कॉलमवर भार कमी आणि मोमेंट जास्त असतो. त्यामुळे त्यांचा घातांक जवळजवळ नेहमीच १ च्या आसपास राहतो. दोन दिशा वेगळ्या तपासण्याची सवय नेमकी याच कॉलमांना सगळ्यात महागात पडते.

काही जण दोन्ही मोमेंटच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून, १.१५ ने गुणून, तेवढ्या एकाच मोमेंटसाठी डिझाइन करतात. १४० आणि ६० चं असं केलं तर १७५ येतं. २०४ च्या क्षमतेपुढे ते पास दिसतं आणि तिथेच फसगत होते. ही पद्धत पहिला अंदाज घेण्यापुरती ठीक आहे. तिच्यात सगळा मोमेंट जणू बळकट दिशेनेच आला असं धरलं जातं, आणि कॉलमची ३०० ची कमजोर दिशा हिशेबात लपून जाते. अंदाजानंतर कलम ३९.६ ची तपासणी झालीच पाहिजे.

आता फिटरची सूचना. प्रत्येक लांब बाजूला एक सळई वाढवली की २० मिमीच्या १० सळया होतात, स्टील १.८६ टक्क्यांवरून २.३३ टक्के. ४५० च्या दिशेची क्षमता २०४ वरून फक्त २१६ होते, कारण वाढवलेल्या सळया त्या दिशेने वाकताना कॉलमच्या मध्याजवळ पडतात आणि त्यांना हातभार लावायला अंतरच मिळत नाही. ३०० च्या दिशेची क्षमता मात्र ११७ वरून १३८ च्या वर जाते. एकत्र बेरीज १.०२. अजूनही नापास.

तेवढंच स्टील वेगळं वाटून बघा. सळया आठच ठेवा, पण चार कोपऱ्यांतल्या २५ मिमीच्या करा आणि मधल्या चार २० मिमीच्याच राहू द्या. स्टील २.३८ टक्के, म्हणजे फिटरच्या सूचनेइतकंच. ४५० च्या दिशेची क्षमता २४८, ३०० च्या दिशेची १३८. बेरीज ०.९३, पास. कोपऱ्यातली सळई दोन्ही दिशांना पूर्ण अंतरावर असते, म्हणून तिच्यावर केलेला खर्च दोन्हीकडे कामाला येतो. दोन्ही दिशांना वाकणाऱ्या कॉलममध्ये जाड सळई आधी कोपऱ्यात, हा नियम मनात पक्का करा. ड्रॉइंगवर कोणती सळई कुठे बसवायची ते कॉलमच्या छेदाचं चित्र काढून दाखवा. '४-२५ + ४-२०' एवढंच लिहिलं तर साइटवर २५ ची सळई कुठेही बसते.

तरी ०.९३ वर थांबू नका. तुम्ही मला एकच लोड कॉम्बिनेशन (एकाच वेळी येणाऱ्या भारांची जोडणी) दिलंत, बहुधा सर्वात जास्त भाराचं. भूकंपाच्या कॉम्बिनेशनमध्ये कोपऱ्यातल्या कॉलमवरचा भार एका बाजूने वाढतो तसा दुसऱ्या बाजूने घटतो. ०.९ पट कायम भार आणि १.५ पट भूकंप, हे कॉम्बिनेशन त्यासाठीच आहे. समजा तेच मोमेंट राहिले आणि भार २५० पर्यंत उतरला. सुटी क्षमता फारशी बदलत नाही, २४५ आणि १३८ च्या आसपास राहते. पण भाराचं गुणोत्तर ०.२ च्या खाली गेल्यामुळे घातांक १ होतो आणि बेरीज १.०१ वर जाते. भार निम्म्याहून कमी झाला आणि पास असलेला कॉलम नापास झाला! भार कमी म्हणजे कॉलम सुरक्षित, असं समजणारे अनुभवी लोकही मी पाहिले आहेत. कॉलमच्या बाबतीत ते खरं नाही. सर्वात कमी भाराचं कॉम्बिनेशन आणि त्यातले दोन्ही मोमेंट एकाच ओळीत बघायची सवय लावा. वेगवेगळ्या कॉम्बिनेशनमधले सर्वात मोठे आकडे उचलून एकत्र केले तर उगाच जास्त स्टील पडतं, आणि फक्त सर्वात मोठा भार घेतला तर धोका राहतो.

सोलापूरसाठी भूकंप हा कागदावरचा विषय नाही. आयएस १८९३ : २०१६ या भूकंपाच्या मानकाच्या यादीत सोलापूर तिसऱ्या भूकंप-विभागात आहे, विभाग-गुणक ०.१६. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला तो इथून जवळच्याच लातूर जिल्ह्यात झाला. तेव्हा पडली ती मुख्यतः जाड दगड-मातीच्या भिंतींची घरं होती. पण त्यावरून आपल्या पार्किंगच्या इमारती सुरक्षित ठरत नाहीत. खालचा मजला भिंतींशिवाय मोकळा सोडलेली इमारत हा वेगळाच धोका आहे, आणि गेल्या काही वर्षांत सोलापुरात विजापूर रोडपासून होटगी रोडपर्यंत असं बांधकाम भरपूर झालं आहे. भूकंप उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम रेषा धरून येत नाही. म्हणून एका दिशेचा पूर्ण आणि दुसऱ्या दिशेचा ३० टक्के असं एकत्र धरून कोपऱ्यातले कॉलम तपासलेच पाहिजेत, तिथे दोन्हीकडच्या फ्रेम एकाच कॉलमवर येतात.

तिसऱ्या विभागात आयएस १३९२० हे भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाचं मानक लागू होतं, आणि त्याच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिमीपेक्षा कमी चालत नाही. तुमचा ३०० आहे हे चांगलं. भिंतीत लपावा म्हणून २३० चा, नऊ इंची कॉलम मागणारे मालक तुम्हाला रोज भेटतील. त्यांना सौंदर्याचं कारण सोडून हिशेब दाखवा. पार्किंगमधली मोकळी उंची ३ मीटर धरली आणि डुलणाऱ्या फ्रेमसाठी प्रभावी लांबी (हिशेबात धरायची लांबी) १.२ पट घेतली तर ३.६ मीटर होते. भागिले ०.२३ म्हणजे १५.७. आयएस ४५६ मध्ये हे गुणोत्तर १२ च्या खाली असेल तरच कॉलम आखूड समजला जातो. म्हणजे २३० चा कॉलम सडपातळ ठरतो आणि ७०० किलोन्यूटनवर त्याला कमजोर दिशेनेच साधारण २० किलोन्यूटन-मीटर जादा मोमेंट घ्यावा लागतो.

तुमचा ३०० चा कॉलमही इथे काठावर आहे. ३.६ भागिले ०.३ म्हणजे बरोबर १२. काटेकोर वाचलं तर तोही सडपातळच, आणि ३०० च्या दिशेला १५ किलोन्यूटन-मीटरच्या आसपास जादा मोमेंट येतो. कलमात दिलेला कपातीचा गुणक धरला तर थोडा कमी, पण शून्य नाही. ६० चे ७५ झाले तर वरची ०.९३ ही बेरीजही उरत नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रभावी लांबीचा गुणक १ वर ठेवून पुढे गेलेले मॉडेल मला फार वेळा दिसतात. तुमचा काय आहे ते उघडून बघा.

किमान एक्सेंट्रिसिटीबद्दल, म्हणजे भार मध्यापासून निदान किती सरकलेला धरायचा याबद्दल, तुम्ही शेवटी विचारलं होतं. लांबी भागिले ५०० अधिक बाजू भागिले ३०, आणि २० मिमीपेक्षा कमी नाही. ४५० च्या दिशेला २१ मिमी, ३०० च्या दिशेला २० मिमी. ७०० किलोन्यूटनवर जेमतेम १४-१५ किलोन्यूटन-मीटर. तुमचे खरे मोमेंट याहून बरेच मोठे आहेत, त्यामुळे इथे त्याचा फरक पडत नाही. दोन्ही दिशांना ती एकदम लावायचीही गरज नाही. एका वेळी एका अक्षाबद्दल किमान ओलांडली की पुरे, असं कलम २५.४ सांगतं.

सॉफ्टवेअरच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. ईटॅब्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर जो पीएमएम रेशो दाखवतं तो कलम ३९.६ ची बेरीज नव्हे. भार आणि दोन मोमेंट मिळून जो बिंदू होतो, तो मूळबिंदूपासून किती दूर आणि त्याच दिशेला क्षमतेचा पृष्ठभाग किती दूर, याचं ते गुणोत्तर आहे. त्यामुळे हाताने १.११ आलं आणि स्क्रीनवर वेगळा आकडा दिसला म्हणून गोंधळू नका. १ च्या कोणत्या बाजूला आहे ते दोन्हीकडे बहुतेक वेळा जुळतं, अंतर जुळेलच असं नाही. आणि लोकल ॲक्सिस, म्हणजे सॉफ्टवेअरने त्या कॉलमला लावलेले अक्ष, तपासा. स्टॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला वाय-झेड आणि ईटॅब्समधला २-३ यांची अदलाबदल होऊन चुकीच्या बाजूला सळया गेलेल्या आहेत. तुमचाच कॉलम ९० अंशांत फिरला तर १४० चा मोमेंट ११७ च्या क्षमतेवर पडेल. तिथे दुसऱ्या दिशेचा विचार करायच्या आधीच कॉलम संपला. साइटवर लाइन आउट करताना कॉलमची लांब बाजू कुठे, हे स्वतः उभं राहून बघा. सेंट्रिंग लागल्यावर बघून उपयोग नाही.

फुटिंगचंही (कॉलमखालच्या पायाचंही) दोन ओळींत सांगतो, कारण हाच मोमेंट खाली जातो आणि खाली आपली काळी माती आहे. जुन्या पेठांमधल्या छोट्या प्लॉटवर कोपऱ्यातला कॉलम दोन्ही हद्दींना चिकटतो आणि फुटिंग दोन्ही दिशांना एका बाजूला सरकतं. समजा १.८ × १.८ मीटरचं फुटिंग आणि भार दोन्ही दिशांना २०० मिमी बाजूला. एका दिशेचं ६ गुणिले एक्सेंट्रिसिटी भागिले बाजू म्हणजे ०.६७, ते १ च्या आत आहे, म्हणून सगळं फुटिंग दाबात. दोन्ही दिशांची बेरीज १.३३. म्हणजे समोरचा कोपरा जमिनीवरून सुटतो. बाजेच्या एका कोपऱ्यावर बसलं की तिरका समोरचा पाय उचलतो, तसंच. तिथे फुटिंग मोठं करत बसण्यापेक्षा दोन्ही दिशांना स्ट्रॅप बीम घालून आतल्या कॉलमशी बांधणं मला जास्त पटतं. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून फुटिंग मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली न्यायचं, हे तर सोलापुरात कुणालाही सांगावं लागू नये.

बीमचं दुहेरी वाकणं तुम्ही विचारलं आहे, पण स्लॅबसोबत ओतलेल्या बीमला आडव्या दिशेने स्लॅब धरून ठेवतो. तिथे या तपासणीची वेळ क्वचित येते. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांसारख्या शेडमध्ये क्रेन चालणारा काँक्रीटचा गर्डर असेल तर मात्र उभा आणि आडवा दोन्ही मोमेंट घ्या.

आता तुमच्या कॉलमचं काय करायचं. माझं मत स्पष्ट आहे: आधी आकार, मग सळई. ३५० × ४५० करा, कोपऱ्यांत २५ च्या चार आणि मध्ये २० च्या चार ठेवा. २५० किलोन्यूटनच्या, म्हणजे सगळ्यात वाईट कॉम्बिनेशनवर क्षमता साधारण २५३ आणि १८० येते, बेरीज ०.८९. सडपातळपणाचं गुणोत्तर ३.६ भागिले ०.३५ म्हणजे १०.३ होतं आणि जादा मोमेंटचा प्रश्नच मिटतो. नुसता आकार वाढवून आठही सळया २० च्या ठेवल्या तर याच भारावर बेरीज १.०८ येते, म्हणून कोपऱ्यातल्या सळया कमी करू नका. कॉलम ताठ झाला की तो मोमेंटही जास्त ओढतो, तेव्हा मॉडेल पुन्हा चालवून हे आकडे नव्याने काढा. ५० मिमीसाठी पार्किंगची जागा जाते अशी मालकाची तक्रार येईल. वाढ आतल्या बाजूला घ्यायची की बाहेरच्या, ते गाड्यांची आखणी बघून ठरवता येतं.

रिंगांबद्दल तडजोड नको. बीमच्या वर आणि खाली, मोकळ्या उंचीच्या सहाव्या भागाइतक्या म्हणजे ५०० मिमी लांबीत, रिंगांचं अंतर कॉलमच्या लहान बाजूच्या पावपट, सर्वात बारीक सळईच्या सहापट आणि १०० मिमी यांतलं सर्वात कमी. तुमच्या ३५० ला ते ८५ मिमी धरा. हूक १३५ अंशांत वळवलेले आणि आत गेलेले हवेत. दोन्ही दिशांना वाकणाऱ्या कॉलमचा कोपराच आधी फुटतो, आणि तिथे ९० अंशांचा हूक पहिल्या धक्क्यात उघडतो. मधल्या सळयांना आडवी लिंक द्या. जोड मजल्याच्या मधल्या अर्ध्या भागात घ्या, एका ठिकाणी निम्म्याहून जास्त सळया जोडू नका. २५ च्या सळया बीमच्या तळाशीच जोडल्या तर कोपऱ्यात काँक्रीट उतरायला जागा राहत नाही. मे महिन्यात ४२-४३ अंशांत काँक्रीट झपाट्याने घट्ट होतं आणि नेमका तोच कोपरा पोकळ राहतो. त्या दिवसांत कॉलम संध्याकाळी भरा, व्हायब्रेटरची नीडल बारीक घ्या आणि ओलं गोणपाट गुंडाळून निदान १० दिवस पाणी मारा.